बॅक मारणारी गाडी

आमचा ट्रक कामातून गेला, हे डोणगावात माझ्याआधी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मणक्याच्या दुखण्याने नवरा खाटेला खिळला, तेव्हापासून गाडी मी चालवते. हेवी लायसन माझ्या नावाचं आहे. तरी स्टेअरिंगवर बाई दिसली की लोकांना इंजिनात खोट दिसायला लागते.

दसरा झाला आणि सोयाबीनच्या फेऱ्या सुरू झाल्या. खामगावच्या वाटेवर तेल मोजायची पट्टी आपोआप वर यायला लागली. घरी येईपर्यंत इंजिन तेलाने माखलेलं असायचं. दिराने मला न विचारता जुन्या गाड्या घेणारा व्यापारी अंगणात आणून उभा केला. गाडी गेली की मी परत चुलीपाशी, एवढा साधा हिशेब होता.

व्यापाऱ्याने इंजिन चालू ठेवून तेल भरायचं टोपण काढलं आणि उलटं करून नुसतं त्या तोंडावर ठेवलं. इकडे सगळे असंच पारखतात. टोपण टणकन उडून खाली पडलं.

"इंजिन बॅक मारून राह्यलं, धूर उलटा फेकून राह्यलं," तो म्हणाला. "आतून झिजलं, बोर गेले याचे."

"गाडीबी बॅक मारते अन् वैनीबी," दीर हसला.

पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा धूर खाली तेलात उतरतोच, अगदी नव्या गाडीतही. तो बाहेर पडायला एक नळी असते. मी ओढणी खोचली आणि गाडीखाली शिरले. नळीच्या तोंडाला पाण्याची बाटली बांधलेली होती, तीही ट्यूबच्या पट्टीने करकचून. बाटली टम्म फुगली होती.

"हे कोनं बांधलं?"

"म्या," दीर म्हणाला. "दसऱ्याच्या पूजेले आईनं गाडीसमोर रांगोयी काढली होती. तिच्यावर तेल टपकून राह्यलं होतं."

घ्या! लक्ष्मीच्या पूजेत डाग नको म्हणून लक्ष्मीचंच नाक दाबलं, आणि वर बोल मला!

"भाऊजी, तुमचं नाक-तोंड बांधलं तं तुमीबी बॅक मारसान."

मी विळ्याने पट्टी कापली. फुस्स करून काळा धूर निघाला. मग मीच टोपण उचललं, पुसलं आणि उलटं ठेवलं. ते थरथरलं, थोडं सरकलं, पण जागेवर बसून राहिलं. इंजिन जुनं आहे, थोडा धूर मारणारच. मेलेलं नाही. बाटलीला वरच्या अंगाला भोकं पाडून मी ती पुन्हा सैल टांगली. अंगणही स्वच्छ राहील आणि धुरालाही वाट मिळेल.

व्यापारी टोपणाकडे बघत राहिला. "चालन," तो म्हणाला. "घेतो मी. भाव वाढवून देतो."

दिराचा चेहरा खुलला. तो ओसरीवरच्या खाटेकडे वळला. "दादा, बोल. देऊन टाकू का?"

नवरा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. कूस बदलताना त्याला कळ आली, ती मला दिसली.

"मले काऊन विचारून राह्यला बे?" तो म्हणाला. "गाडी जिची, तिले विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्यापाऱ्याला चहा दिला. चावी दिली नाही.