दोघांत मिळून एक माणूस

सुमनचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. बैलाच्या खुराला भेग पडली होती, तिच्यात हळद-तेल भरत होतो. सुमन आमची एकुलती लेक, निलंग्याला दिलेली. आई लातूरच्या दवाखान्यात म्हणून आठ दिवस तिच्या उशाशी बसलेली. "बाबा, आई गेली," एवढंच म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि राहिलेला खूर पुरा केला. लोकांना हे बरं दिसणार नाही, पण झालं ते असंच झालं. आदल्या दिवशीच मी भेटून आलो होतो. सोजरच्या नाकात नळी, बोलायला दम लागत होता, तरी मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "जवाब राह्यलाय तुमचा." मी म्हणालो, बरी हो आधी, मग देतो... अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारातलं आमचं शेवटचं बोलणं हे.

जवाब कशाचा, ते सांगायचं तर जर्मन मुलखापासून सुरुवात करावी लागते. हसू नका.

सोजर चौथी शिकलेली, मी दुसरीतून पळालो. कंबर धरल्यापासून तिचं रानात येणं बंद झालं आणि ती वाचायला लागली. आमच्या गल्लीतले खाजाभाई देवणीला वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांना जिल्द बांधतात. बांधायला आणलेलं पुस्तक ते आधी चार दिवस हिच्याकडं ठेवायचे. त्यातच एक जाडजूड पुस्तक आलं. वरचा पुठ्ठा नाही, पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव मला आजही माहीत नाही. जर्मन मुलखातल्या, हजार-बाराशे वर्षांखालच्या गोष्टी होत्या त्यात. मी दावं वळत बसायचो आणि ती उंबऱ्यापाशी उजेडाला बसून मोठ्यानं वाचायची.

तिथला कायदा असा, की ज्याची स्वतःची जमीन आणि जो कुणाचा बांधलेला गडी नाही, त्याला राजानं बोलावलं की लढाईला जावंच लागायचं. ढाल, भाला घरचा. धनुष्याला दोन दोऱ्या आणि बारा बाण, तेही घरचे. वर तीन महिन्यांचं खाणं सोबत. सोजरला याचं भारी नवल. दोन दोऱ्या कशाला, म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हणालो, एक पावसात भिजून ढिली पडते, आमच्या मोटेच्या चामडी नाड्याचंही तसंच. हे पुस्तकात नव्हतं आणि मला ठाऊक होतं, म्हणून दिवसभर येईल त्याला सांगत सुटली. मग तिचा हिशोब सुरू. तीन महिन्यांच्या भाकरी तर कुणी नेणार नाही, मग दाणे नेत असतील. दाणे नेले तर दळायचं कशावर? जातं कोण उचलणार? आणखी एका ठिकाणी लिहिलं होतं, की मोठ्या सरदारानं लढाईला जाताना आपल्या बायकोपाशी दोन माणसं घरी ठेवली तर चालतील. ते वाचून पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही कारखान्याला उसाची गाडी घेऊन जायचे तवा माझ्यापाशी कोन व्हतं वं? एक म्हैस."

एका संध्याकाळी तिनं अख्खी गल्लीच त्या कायद्याला लावली. ज्याच्या चार जमिनी, त्यानं स्वतः जायचं. ज्याच्या दोनच, त्यानं दुसऱ्या दोनवाल्याशी जोडी करायची. एकानं जायचं, मागं राहील त्यानं जाणाऱ्याची तयारी करून द्यायची. खाजाभाई ओट्यावर बसून हसून राहिले होते. म्हणाले, "भाभी, मेरेकू जमीनच नही, मेरा नाम काटो." ही म्हणाली, "घाई करू नका, पुढच्या पानावर तुमचीबी सोय केलीय."

मग गाडी आमच्यावर आली. आमच्या बापाची चार रानं. वाटणीत दोन मला, दोन धाकट्या भावाला, नामाला. म्हणजे दोघांत मिळून एक माणूस. "बाप असता तर बाप गेला असता," सोजर म्हणाली, "वाटणी केली तरी मानूस एकच. कोन जानार?" मी दाव्याला पीळ देत राहिलो. नामाशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरची बाभळ त्यानं मला न विचारता तोडली होती. घराला घर लागून, पण मी तोंड फिरवून जायचो.

दुसऱ्या दिवशी ही कंबर धरून नामाच्या घरी गेली आणि हाच सवाल त्याला घातला. परत येऊन मला सगळं सांगितलं. तो आधी हसला म्हणे. मग किती लांब, किती महिने, सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाला, "मी जातो म्हनावं. दादाच्या गुडघ्यानं चालणं हुयाचं न्हाई."

मला राग आला. माझ्या गुडघ्याचं त्याला काय करायचं? मी म्हणालो, आधी माझी बाभळ आणून दे म्हणावं. सोजर चिडली नाही. म्हणाली, "त्यो लढाईला जाऊन राह्यलाय, तुम्ही बसा बाभळ धरून. त्याला शिदोरी देनार का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हणालो, तो राजा कधीच मेला. "मरू द्या की. भाऊ हाय न्हवं?"

जवाब मी दिला नाही. चार-पाच महिने ती अधूनमधून विचारायची. चहा देताना, पाठीला तेल लावून घेताना. तिला ठाऊक होतं, आपल्यामागं या घरात हा एकटाच उरणार. ते मात्र तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मलाच उशिरा कळलं... मी जरा जाड डोक्याचा.

राख सावडली त्या दिवशी माझा गुडघा सुजून भोपळा झाला होता. अस्थी नांदेडला गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायच्या होत्या. सुमन म्हणाली, काका जातील. दुसऱ्या दिवशी पहाटेच नामा अंगणात येऊन उभा राहिला. उंबरा ओलांडला नाही. सुमननं तांबड्या फडक्यात बांधलेलं गाडगं त्याच्या हातात दिलं.

मी आत गेलो आणि चूल पेटवली. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, सुतकात घरात चूल पेटवत नसतात. मी म्हणालो, मला ठाऊक आहे. भाकरी मला कधी जमली नाही. तीन थापल्या, दोन मोडल्या, एक करपली. कांदा आणि तिखट घातलं, सोजरच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन त्यात बांधल्या आणि बाहेर आलो.

"नामा, हे घे. वाटेत खा."

त्यानं गाठोडं हातावर तोललं. डोळ्यांत पाणी, पण जीभ बापाचीच.

"तीनच? कायद्यात तीन महिन्याचं हाय, दादा."

मला हसू आलं. अंगणात बायका बसलेल्या, घरातलं माणूस जाऊन तीन दिवस झालेले, आणि आम्ही दोघं भाऊ भिंतीला धरून हसत होतो, रडत होतो. बाहेर नांदेडला जायची जीप हॉर्न वाजवत होती.

याला आता दीड महिना झाला. खाजाभाईंनी पुस्तक परत मागितलं नाही. बांधीन सावकाश, म्हणाले. संध्याकाळी नामा येतो. मी ओळीखाली बोट धरून वाचतो. एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो. नामा घाई करत नाही, पण मध्येच अडवतो. परवा विचारलं, "जानारे गेले, खरं. मागं त्यांचं रान पेरलं कोनी?" मी मागची पानं चाळली, पुढची चाळली. राजा आहे, सरदार आहेत, घोडे आहेत. पेरणीचं कुठं दिसलं नाही. सोजर असती तर पानात सापडलं नाही तरी तिनं कुणाला तरी गाठून विचारून काढलं असतं.

"वाच पुढं," नामा म्हणाला. मी बोट खालच्या ओळीवर घेतलं.