कुंकू नावाचा रंग

कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला की मला तो बस्त्याचा दिवस आठवतो. नवी पेठेतल्या एका साडीवाल्या मालकांच्या वेबसाइटचं काम आमच्याकडे होतं, आणि त्या सकाळी आम्ही तिला नवा प्रीप्रोसेसर, म्हणजे पानांची सजावट लिहून देणारा प्रोग्राम, जोडला होता. रंग एकाच जागी लिहायचे, सगळी पानं तो रंगवणार. दुपारी मंगळवेढ्याहून लग्नाच्या बस्त्याला आलेल्या मंडळींसमोर मालकांनी ऐटीत टॅबवर वेबसाइट उघडली, आणि त्यांचं पडद्यावरचं लाल दुकान काळंठिक्कर! त्यांच्या जुन्या थीमचं ‘कुंकू’ हे नाव नव्या यादीत नव्हतंच, म्हणून यंत्रानं यादीतला पहिला रंग उचलला, संक्रांतीचा काळा. "लग्नाच्या दुकानाला काळं? उठा की!" नवरीची आत्या कडाडली. "बसा की आत्याबाई, चहा येतोय," मालक गयावया करू लागले. मी दुकानातूनच फोनवर ऑफिसातल्या जोडीदारावर ओरडलो, "जुनी नावं परत घाल, नव्या रंगांना जोड!" आत्याबाईंनी चपला घालेपर्यंत पान पुन्हा लालबुंद झालं. मी टॅब आरतीच्या ताटासारखा त्यांच्यापुढे धरला. "लाल केलं व्हय? लई ग्वाड दिसतंय," दुकानाचा जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "पर मी काळं बगितलं की." मालक उलगडलेल्या शालूची पुन्हा घडी घालत राहिले. अजूनही कोडमधलं एखादं जुनं नाव पुसायला गेलो की मला जिन्यावरच्या त्या चपला ऐकू येतात.