रजनीबाईंचा राहिलेला हिमालय

रजनी गुणवंत कळंबे, जन्म १९६२, सौंसर, हयात. पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवला. फळ्यावर असंख्य वेळा हिमालय काढला. प्रत्यक्ष मात्र कधी पाहिला नव्हता. म्हणून गेल्या नोव्हेंबरात गोरखपूरचे एक लग्न आटोपून परतताना त्यांनी ऐन स्टेशनावर बेत बदलला आणि यजमानांना, म्हणजे संत्र्यांचे व्यापारी गुणवंतराव यांना, काठमांडूच्या वाटेला लावले.

हाती एकच सकाळ होती. शहराबाहेरच्या टेकडीवरून शिखरे दिसतात, परंतु ऊन चढले की ढग येतात, असे टॅक्सीवाल्याने बजावले होते. वाटेत फळबाजार लागला आणि गुणवंतरावांनी टॅक्सी थांबवली.

"अवं, इकडे ये! याची साल पाहाय किती पातळ हाय!"

"संत्री पाहाले इतक्या दूर आलो काय आपण? चला ना, ऊन चढून राहिलं!"

"आलोच. भाव तं इचारू दे."

भावानंतर कलमांची चौकशी झाली, मग प्रत्येक ढिगातल्या फळाची चव. टेकडीवर पोहोचले तेव्हा उत्तरेला नुसते ढग होते. गुणवंतरावांनी एक संत्रे सोलून पुढे केले.

"थोडं आंबट हाय. आपलंच बरं."

रजनीबाईंनी ते घेतले नाही, आणि त्या सरळ टॅक्सीत जाऊन बसल्या.

ठरले ते एवढेच: येत्या नोव्हेंबरात त्या धाकट्या बहिणीला घेऊन पुन्हा काठमांडूला जाणार. गुणवंतरावांनी "मीही येतो" म्हणून पाहिले. त्यांना अद्याप होकार मिळालेला नाही.