न उसवलेलं पार्सल

माझी पहिली कादंबरी प्रकाशकाला इतकी आवडली, की त्यानं ती उघडूनही पाहिली नाही.

हे मला उशिरा कळलं. अब्बा चंद्रपुरात बुकबाइंडर होते. आमच्या दुकानाला कायम खळीचा वास. मी तीन वर्षं खपून एसटी ड्रायव्हरांवर कादंबरी लिहिली, तेव्हा अब्बांनीच ती एकुलती एक प्रत मांजरपाटात घालून बाइंडिंगच्या लाल दोऱ्यानं चारी बाजूंनी शिवली. पत्ता मी जाहिरातीतून घेतला होता : 'नवलेखकांना सुवर्णसंधी'. (नवलेखकांनो, सुवर्ण दिसलं की पळा.)

आठव्या दिवशी पत्र आलं. 'एका बैठकीत वाचली. आपली नायिका मनात घर करून राहते.' आम्ही मोहल्लाभर पेढे वाटले. आता, माझ्या कादंबरीत नायिका नव्हतीच. एक म्हातारी होती, तीही दुसऱ्या प्रकरणात मूल गावच्या स्टँडवर उतरून जाते. पण कौतुक आलं की माणूस खोलात जात नाही. ही म्हातारी आपल्याला इतकी साधली कशी, याचंच मी दोन दिवस नवल करत होतो!

छपाईचा अर्धा खर्च लेखकानं द्यावा, असंही पत्राच्या तळाशी होतं. अम्मीनं शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे पुढे केले. अब्बा म्हणाले, मीही येतो.

नागपुरात प्रकाशकांनी चहा सांगितला आणि नायिकेची स्तुती पुन्हा सुरू केली. मी लाजून खाली बघत होतो. अब्बा कपाटाकडे बघत होते. ते उठले, खालच्या कप्प्यातून एक पार्सल काढलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं. लाल दोरा. एकही टाका उसवलेला नाही.

(घरात आमची हिंदी चालते, पण कुणाला सरळ करायचं असलं की अब्बा मराठीत यायचे.)

"साहेब, हे न उसवता तुमी वाचलं कसं? मले बी शिकवा," ते शांतपणे म्हणाले. "माझा दोरा वाचंल."

चहा कुठे अडला ते बघायला प्रकाशक आत गेले, ते आलेच नाहीत.

परतीच्या बसमध्ये पार्सल मांडीवर घेऊन मी बसलो होतो. वरोरा मागे पडलं. मग अब्बांनी विचारलं, "खरं सांग, त्यात ती नायिका आहे का?"

"नाई."

"मंग तू पेढे काऊन वाटले?"



पुढचा प्रकाशक अब्बांनीच निवडला. लायब्ररीची जी पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी होऊन दुकानात येत, त्यांच्यावरची प्रकाशकांची नावं त्यांनी मला उतरवून घ्यायला लावली. सर्वांत जास्त वेळा आलेल्या नावाला कादंबरी पाठवली. उत्तर वर्षानं आलं. स्तुती एक ओळ, चुका दोन पानं. पहिली चाळीस पानं काढून टाका, गोष्ट त्यानंतर सुरू होते, असा शेवट. मी जेवलो नाही. अब्बा मात्र खूश होते. म्हणाले, "या मानसानं वाचली."

कादंबरी निघाली. तिच्या बऱ्याचशा प्रती अजून गोदामात सुखरूप आहेत. काढलेली चाळीस पानं मात्र अब्बांनी शाळांच्या हजेरीबुकांना आतून अस्तर म्हणून चिकटवली. पोंभुर्ण्यापासून अहेरीपर्यंतचे गुरुजी वर्षभर, रोज सकाळी, ती उघडत होते. माझं इतकं लेखन त्यानंतर कुणी उघडलेलं नाही.