सिनेटरचा उपवास

पर्ल डोरोशच्या घरून आजवर कोणी उपाशी गेलेलं नव्हतं, आणि ज्यांना भूक नव्हती तेही सुटले नव्हते. मीटर वाचायला आलेल्या माणसाला तिने कोबीचे रोल खायला घातले होते. धर्मप्रचाराला दारात उभ्या राहिलेल्या दोन पोरांना तिने इतकं खाऊ घातलं, की बिचारे प्रचार विसरून सोफ्यावरच झोपले. बर्फाळ प्रदेशात वसलेल्या युक्रेनियन लोकांच्या मिलोवा गावात चर्चच्या तळघरातल्या हॉलमधलं स्वयंपाकघर तीसेक वर्षं तिच्याच ताब्यात होतं. लग्न असो की मयत, पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, किती लाटायच्या आणि लोणी किती ओतायचं हे पर्ल ठरवायची. लोण्याच्या बाबतीत तिचं उत्तर कायम एकच असे: "अजून."

नवरा ओरेस्ट जाऊन चार वर्षं झाली होती. जाताना त्याने मागे ठेवलं ते एक जुना ट्रॅक्टर, एक अकॉर्डियन आणि एक लॅब्रेडोर. लॅब्रेडोरचं नाव त्यानेच सिनेटर ठेवलं होतं. कोणी कारण विचारलं की म्हणायचा, "आपल्याकडच्या सिनेटरला निवडून यायला नको, काम करायला नको. एकदा नेमणूक झाली की बसून खायचं."

सिनेटर नावाला जागला. वासरासारखा दिसायचा तो हळूहळू सोफ्यासारखा दिसायला लागला. त्या फेब्रुवारीत त्याचा कान सुजला, म्हणून पर्ल त्याला तालुक्याच्या गावी प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गाडीत चढवायला शेजारचा नेस्टर बिलुस लागला. नेस्टरने मागून रेटा दिला आणि नंतर दोन दिवस कंबर धरून फिरला.

डॉक्टर लाव्हाले तरुण होती, सडपातळ होती, आणि पर्लच्या मते तिलाच आधी खायला घालायची गरज होती. तिने कानात औषध घातलं आणि सिनेटरला काट्यावर उभं केलं. आकडा तिने दोनदा वाचला.

"मिसेस डोरोश, बावन्न किलो."

"हाडं जड आहेत त्याची."

"हाडं मला सापडतच नाहीयेत." डॉक्टरने त्याच्या बरगड्यांवर हात फिरवला. "फासळ्या हाताला लागायला हव्यात. इथे गादी लागतेय."

"थायरॉईड असेल. माझ्या नणंदेला होतं."

डॉक्टरने रक्त तपासलं. थायरॉईड ठणठणीत होतं. मग तिने विचारलं, हा दिवसभरात काय काय खातो? पर्लने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिलाच कौतुक वाटायला लागलं. सकाळी अंडं, त्याच्याबरोबर नेस्टरकडचा टोस्ट. मग पोस्टातली बिस्किटं, दुकानातलं चीज. दुपारी त्याचं स्वतःचं खाणं, आणि संध्याकाळी तिच्या ताटातल्या पेरोगी, परतलेल्या कांद्यासकट.

"कांदा?" डॉक्टरचे डोळे मोठे झाले. "कांदा कुत्र्यांना विष असतो."

"मग हा कधीच मेला असता."

"मरेलच," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "कांद्याने नाही तर वजनाने. त्याचे गुडघे बघा. उठताना तो कण्हतो ना?"

कण्हायचा. पर्लला वाटायचं, तो गातो.

परतीच्या वाटेवर तिला ओरेस्टची आठवण येत राहिली. त्यालाही डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं, लोणी कमी करा म्हणून. ओरेस्ट डॉक्टरला "हो" म्हणाला आणि घरी येऊन म्हणाला, "पर्ल, अंडी लोण्यातच कर." तिने लोण्यातच केली. त्याबद्दल ती छाती पिटत बसणाऱ्यांतली नव्हती. ओरेस्टला तोंड होतं, नको म्हणता आलं असतं. पण मागच्या सीटवर जीभ बाहेर काढून बसलेल्याला नको म्हणता येत नव्हतं. देवाने त्याच्यात ती सोयच केली नव्हती.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा मोठा उपवास त्याच आठवड्यात सुरू होत होता. पर्ल तो आईच्या पद्धतीने पाळायची; मांस बंद, दूध बंद, अंडी बंद आणि चिडचिड चालू. तिने ठरवून टाकलं, या वर्षी सिनेटरही उपवास धरेल. त्याच्यासाठी डॉक्टरने सांगितलेलंच खाणं, तेही तराजूवर मोजून, दोन वेळा. मध्ये फारच रडला तर उकडलेल्या फरसबीच्या शेंगा.

"कुत्रा कॅथलिक आहे का?" नेस्टरने कुंपणावरून विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्त. तो दर रविवारी चर्चला येतो."

"झोपायला येतो."

"आणि तू?"

नेस्टरने विषय बदलला.

पहिले काही दिवस घरात सुतक होतं. सिनेटर वाटीत बघायचा, मग पर्लकडे बघायचा, मग पुन्हा वाटीत, जणू पर्लने हिशेबात चूक केलीय आणि ती सुधारायची सभ्य संधी तो तिला देतोय. शेंगा त्याने हुंगल्या आणि पायपुसण्याखाली नीट लपवून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी खाल्ल्या. चौथ्या दिवशी दार उघडं मिळताच तो गावात निघून गेला.

मिलोवा काही मोठं गाव नव्हतं. पोस्ट, दुकान, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा क्लब आणि दोन चर्च. सिनेटरने सगळीकडे हजेरी लावली. प्रत्येक दारात बसून त्याने तोच चेहरा केला, महिनाभर अन्न न पाहिल्याचा. क्लबात त्याला फ्रेंच फ्राइज मिळाले. पोस्टातल्या बाईने तर पर्लला फोनच केला. "पर्ल, घरी सगळं ठीक आहे ना? पैशांची वगैरे अडचण नाही ना? कुत्रा फार खंगलाय गं."

"बावन्न किलोचा आहे तो!"

"डोळे खंगलेत."

दुसऱ्या दिवशी सिनेटर गावात गेला तेव्हा त्याच्या गळ्यात एक पुठ्ठा होता. त्यावर पर्लने जाड अक्षरांत लिहिलं होतं: 'मी उपाशी नाही. मी खोटारडा आहे. मला खायला घालणाऱ्याच्या मयताला पेरोगी मिळणार नाहीत.'

शेवटची ओळ लागू पडली. मिलोवात मरणाची कोणाला फारशी भीती नव्हती, पण दुकानातले सँडविच वाटून लोकांनी आपल्याला पुरावं ही कल्पना कोणालाही सोसवेना. पोस्टातली बिस्किटं बंद झाली. क्लबातले लोक त्याला बघून पाठ फिरवायला लागले. नेस्टरने टोस्टाऐवजी शेंग पुढे केली आणि सिनेटरने त्याच्याकडे असं पाहिलं, की नेस्टर म्हणाला, तेवढी शरम आपल्याला बायको सोडून गेली तेव्हाही वाटली नव्हती.

तीन आठवड्यांनी पर्ल त्याला पुन्हा काट्यावर घेऊन गेली. बावन्न किलो.

"पाव किलोसुद्धा नाही?" पर्लने काट्याला लाथ मारली. "मोडका आहे हा."

डॉक्टर काट्यावर स्वतः उभी राहिली. काटा ठीक होता. "मिसेस डोरोश, कोणीतरी खायला घालतंय."

"कोणाची हिंमत नाही."

"मग तुम्ही?"

पर्लचे कान लाल झाले. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी बायका ईस्टरसाठी पेरोगी करून गोठवायच्या, आणि उकळताना फाटलेली पेरोगी सिनेटरची हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. उपवास सुरू झाल्यापासून ते बंद व्हायला हवं होतं. पण हल्ली पर्लच्या हातून पेरोगी जरा जास्तच फाटत होत्या.

"एखादी," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे नुसती बघत राहिली. हे ती सिनेटरकडूनच शिकली असावी.

"बरं, पाच-सहा. पण पाच-सहांनी एवढं होतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "अजून कोणीतरी आहे."

त्या शुक्रवारी पर्लने एकही पेरोगी फाडली नाही. सिनेटर टेबलाखाली पडून होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो उठला आणि जिन्याने वर गेला. तीन पायऱ्या, विश्रांती, तीन पायऱ्या. तासाभराने परत आला, पर्लच्या पायाशी आडवा झाला आणि त्याने एक लांब, समाधानी ढेकर दिली.

पर्ल खाली वाकली. त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून उभी राहिली. लसूण. धुरावर शेकलेलं सॉसेज. उपवासातल्या शुक्रवारी.

गावात असं सॉसेज करणारा एकच माणूस होता. ती तशीच, एप्रन न सोडता, बर्फातून नेस्टरच्या दारी गेली.

"नेस्टर, उपवासात सॉसेज कोणाला विकलंस?"

"कोणालाच नाही."

"नेस्टर!"

"सांगू शकत नाही. मला शपथ घातलीय."

"कोणी घातली?"

"फादरनी," नेस्टर म्हणाला, आणि मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

फादर बोहदानचं घर चर्चला लागूनच होतं. पंचेचाळीशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेल्यांनाही नरक जवळ वाटावा. याच रविवारी त्याने वेदीसमोर उभं राहून सांगितलं होतं, की आपले आजी-आजोबा उपवासात तेलाचा थेंबही शिवत नसत आणि आपण मात्र पोटाचे गुलाम झालोय. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या दाढीत मोहरीची चटणी होती.

"पर्ल! या ना. काय झालं?"

"कुत्र्याने कबुली दिलीय, फादर."

फादरने तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागे धापा टाकणाऱ्या सिनेटरकडे पाहिलं, आणि तो बाजूला झाला. स्वयंपाकघरात टेबलावर एक ताटली होती, एक खुर्ची होती आणि खुर्चीशेजारी जमिनीवर दुसरी ताटली होती. चाटून लख्ख केलेली.

"तो माझ्याकडे बघतो," फादर म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे, तो कसा बघतो ते."

"माहीत आहे. पण सॉसेज कढईत काय त्याच्या बघण्याने पडलं?"

फादर खुर्चीत बसला. "रोज संध्याकाळी सहाला हे घर इतकं शांत होतं, की घड्याळ बंद करावंसं वाटतं. आधी मी एकटाच खायचो. फार पापी वाटायचं. मग एक दिवस हा आला. अर्धं त्याला दिलं."

"म्हणजे अर्धं पाप कुत्र्याच्या गळ्यात?"

"तसं नाही हो. एकट्याने खाल्लं की ती चोरी वाटते. दोघांनी खाल्लं की जेवण होतं."

पर्लने एप्रनला हात पुसले. ओरेस्ट गेल्यावर सहा वाजताचं घर तिलाही ठाऊक होतं. पेरोगी लोण्यात परतायच्या, एक स्वतःला आणि दोन खाली सिनेटरला. तिने खुर्ची ओढायला इकडेतिकडे पाहिलं. दुसरी खुर्चीच नव्हती. मग ती खिडकीच्या कट्ट्याला टेकली.

"पुठ्ठा वाचला नाहीत का तुम्ही त्याच्या गळ्यातला?"

"वाचला," फादर म्हणाला. "म्हटलं, मी पाद्री आहे, माझ्या मयताला तुम्ही पेरोगी नाकारणार नाही."

"नाकारेन. सुकं बिस्किट ठेवीन." तिने सिनेटरकडे बोट केलं. "त्याचे गुडघे गेलेत, फादर. लसूण-कांदा त्याला विष आहे. तुम्ही आणि मी मिळून मारतोय त्याला. मी पेरोगीने, तुम्ही सॉसेजने."

फादरचा चेहरा खरोखर उतरला. त्याने खाली वाकून सिनेटरच्या कानामागे हात ठेवला. "मग काय करू? सांगाल ते प्रायश्चित्त."

पाद्र्याला प्रायश्चित्त देण्याची संधी माणसाला किती वेळा मिळते? पर्लने ती वाया घालवली नाही. रोज संध्याकाळी सहाला, बर्फ असो की वारा, फादरने सिनेटरला रेल्वेच्या रुळांपलीकडच्या धान्याच्या कोठाराकडे चालवत न्यायचं. आधी दोन घरांपर्यंत, मग झेपेल तसं पुढे. खिशात फक्त शेंगा. तोपर्यंत पर्लचा उपवासाचा रस्सा तयार असेल. जेवायला दोघांनी तिच्याकडेच यायचं, आणि सिनेटरने त्याच्या मोजलेल्या वाटीवर बसायचं.

"आणि सॉसेजबद्दल...?"

"कोणतं सॉसेज?" पर्ल म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मिलोवाने एक अजब मिरवणूक पाहिली. पुढे जाड कोटाखाली काळा झगा सावरत घसरणारा पाद्री, मागे दर वीस पावलांवर बसकण मारणारा कुत्रा. कधी उलटंही व्हायचं. कुत्रा उभा आणि पाद्री खांबाला धरून वाकलेला. फादरला कसली शिक्षा झालीय यावर क्लबात पैजा लागल्या. कोणी म्हणे बिशपने पाठवलंय, कोणी म्हणे डॉक्टरने. नेस्टर मात्र पैज न लावता गालात हसत बसायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "मला शपथ घातलीय."

वजन हलायला लागलं. एकदम नाही, डॉक्टरनेच बजावलं होतं, सावकाश, घाई केली तर लिव्हर बिघडेल. ईस्टरला एक फासळी लागली. पर्लने ती बोटाने तीन-तीनदा चाचपली आणि नेस्टरला बोलावून दाखवली, जणू घरात दात आलेलं बाळ होतं. बर्फ वितळून चिखल झाला, चिखल सुकून धूळ झाली, आणि सिनेटर कोठारापर्यंत न बसता पोहोचायला लागला. फादर दोनदा बसायचा.

ऑगस्टमध्ये काट्यावर अडतीस किलो आले. डॉक्टर लाव्हाले टाळ्या वाजवत म्हणाली, "कंबर बघा याची! अजून तीन-चार किलो गेले की झालं. खूश आहात ना?"

"अजिबात नाही," पर्ल म्हणाली. "आधी हा जिथे ठेवला तिथे सापडायचा. आता दिवसभर बेपत्ता असतो. परवा त्या घाण वास फवारणाऱ्या स्कंकच्या मागे धावला. टोमॅटोच्या रसाने धुतला, तरी घर घाण मारतंय. काल चर्चच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुढचे पाय टाकून लग्नाचा केक चाटला. आधी त्याला तो ओटा आहे हेच माहीत नव्हतं."

"म्हणजे गुडघे छान आहेत."

"गुडघे छान आहेत, पण अक्कल तेवढीच आहे!"

घरी परतताना वाटेत एका तळ्याशी तिने गाडी थांबवली, त्याला जरा मोकळं व्हायला. दार उघडताच सिनेटर तिच्या मांडीवरून उडी मारून बाहेर गेला आणि बदकांच्या थव्यावर तुटून पडला. बदकं उडाली. हा मात्र पोहत सुटला, मधोमध, डोकं वर काढून, कुठे जायचंय हे स्वतःलाही ठाऊक नसल्यासारखा.

पर्ल काठावर उभी राहून ओरडली. आधी इंग्रजीत, मग युक्रेनियनमध्ये, कारण शिव्यांना तीच भाषा बरी. फादर ऐकायला नव्हता म्हणून तिने आईकडून आलेल्या दोन खास शिव्याही वापरल्या. सिनेटरने वळूनही पाहिलं नाही. ऊन चांगलं होतं, गव्हावरून वारा येत होता. शेवटी ती गवतावर बसली, बूट काढले, मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले.

"ये तेव्हा ये, मेल्या," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय."