फ्रिटिलरीचे तीन कंद

दादा गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदाच इंग्लंडहून आमच्याकडे नाशिकला आली, ती त्याच्या बागेतले फ्रिटिलरीचे तीन कंद घेऊन. जांभळ्या पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेलं, मान खाली घालून उमलणारं हे फूल मी फक्त फोटोत पाहिलं होतं. कंद हातात घेतले, तर त्यांची वरची बाजू कुठली तेच कळेना.

“आडवेच लाव,” वहिनी म्हणाली. “मधल्या खळगीत पाणी साचलं की कुजतात.”

“आपल्या हवेत येतील?”

“कोण जाणे. तुझा भाऊ तरी तिकडे रुजेल असं कुठे वाटलं होतं?”

वहिनी परत गेली. थंडी पडली, सरलीही, पण कुंडीत काही दिसेना. पाणी घालावं तर कुजायची भीती, न घालावं तर वाळायची. दादा तिकडे इतकी वर्षं सुखात होता की नुसता निभावत होता, हेही मला असंच कधी समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

काल राहवेना, म्हणून बोटांनी माती उकरली. एक कंद मऊ पडला होता. दोन घट्ट होते, पण कोंब नव्हता. झोपलेत की मेलेत, सांगता येईना. ते दोन्ही तसेच आडवे ठेवून मी माती सारखी केली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. “काय म्हणतात कंद?”

“खरं सांगू? मला काहीच कळत नाहीये गं.”

ती म्हणाली, “मलासुद्धा.” आणि आम्ही दोघी पहिल्यांदाच दादाविषयी बोलायला लागलो.