निंगआनच्या नावचा दावा

माझी सून पैयुन पुताईच्या किनाऱ्यावरची, कालवं फोडणाऱ्यांच्या घरातली. लग्न होऊन आमच्या च्याई शहरात आली तेव्हा तिच्या बोटांवर कालवांच्या सुरीचे वण होते, आणि जीभ त्या सुरीहून धारदार. महिन्याभरात नाश्त्याच्या दुकानातला तवा तिने माझ्या हातून काढून घेतला. "आई, तुमची एक अंड्याची पोळी होईस्तोवर गिऱ्हाईक म्हातारं होतं," म्हणाली. खोटं नव्हतं.

तिचा हात मी एकदाच चुकताना पाहिला. तेच सांगते.

माझी नात निंगआन आठ महिन्यांची असताना पांढरीफटक पडायला लागली. थॅलेसेमिया निघाला. हा आजार मूल पोटात असतानाच कळू शकतो, आईबाप दोघांचं रक्त तपासलं तर. दवाखान्यात तेव्हा माझ्या मुलाचं, योंगशेंगचं, रक्त घेतलं होतं, पण त्याचा अहवाल कुणी उघडूनच बघितला नाही. 'सगळं ठीक' म्हणून सांगून मोकळे झाले. आता दर तीन आठवड्यांनी पोरीला रक्त चढवावं लागतं. रक्त सरकारी विम्यातून मिळतं; आईचे बुडालेले दिवस कुठल्या विम्यातून मिळणार?

दवाखान्यावर दावा लावायला मुदत आजार कळल्यापासून दोन वर्षांची. ती नवराबायकोंनी भांडण्यात घालवली, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही सगळे वकील त्सेंगबाईंच्या कचेरीत जाऊन बसलो. कोर्ट समोरच होतं, पण तिथली खिडकी साडेपाचला बंद.

टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे. मी शाळेत गेले दोन वर्षं, तीही धाकट्या भावाला पाठीशी बांधून, त्यामुळे कागद काही मला वाचता येत नाही. पण नातीच्या नावाची तीन अक्षरं तेवढी ओळखते, कारण तिचा शिक्का मीच करवून घेतला. आमच्याकडे बाळाची सुकलेली नाळ शिक्क्याच्या पोटात बसवतात आणि तळाशी नाव कोरतात. पुढे मोठ्या कागदांवर सहीच्या जागी तोच उठतो. पोर महिन्याची झाली, तेलभात आणि लाल अंडी वाटली, त्याच दिवशी तो घरी आणला. अजून त्याला शाईसुद्धा लागली नव्हती. निघताना पैयुनने मागितला, तेव्हा मला वाटलं, पोरीचं बँकेत खातं काढायचं असेल. म्हणून पिशवीत टाकला.

दुसऱ्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर तीच तीन अक्षरं.

"पोरीचं नाव इथे काय करतंय?" मी विचारलं.

त्सेंगबाई म्हणाल्या, "आजी, दावे दोन आहेत. एक आईचा. मला वेळेत सांगितलं असतं तर मूल ठेवायचं की नाही ते मी ठरवलं असतं, असा. तो कोर्ट ऐकतं. दुसरा मुलीचा. हा आजार घेऊन मी जन्मायलाच नको होते, जन्मले हेच माझं नुकसान, असा."

"पावणेतीन वर्षांची पोर असं म्हणते?"

"तिच्या वतीने आईबाप म्हणतात."

"आणि कोर्ट काय म्हणतं?"

"आजवर तरी नाहीच म्हटलंय. जन्माला येणं हे नुकसान धरता येत नाही. जन्म एका पारड्यात घातला, तर दुसऱ्यात काय घालणार?"

"म्हणजे कोर्टाला माझ्याइतकी तरी अक्कल आहे."

"आई, गप्प बस!" योंगशेंग उसळला. "आम्ही मेल्यावर हिचं काय? पैयुनच्या दाव्यात न्यायाधीश किती वर्षांचा खर्च धरतील, कुणी सांगावं? विचारून तर बघू दे. शिक्का दे."

मी पिशवी छातीशी धरली. "हरवला."

"आई, कोपऱ्यावर दहा मिनिटांत लाकडाचा कोरून मिळतो," पैयुन वर न बघताच म्हणाली.

झालं. मी शिक्का टेबलावर ठेवला. पावणेपाच झाले होते.

त्सेंगबाईंनी आधी पहिला गठ्ठा पुढे सरकवला. "कोर्टात विचारतीलच, म्हणून आत्ताच विचारते. कळलं असतं तर गर्भ पाडला असता? 'सांगता येत नाही' म्हणालात तर दावा पडलाच म्हणून समजा."

निंगआन माझ्या मांडीवर तांदळाची चकती कुरतडत बसली होती. योंगशेंग खिडकीबाहेर बघायला लागला. मी उगाचच पोरीचे कान झाकले.

"हो," पैयुन म्हणाली. "पाडला असता. तेव्हा मी हिला ओळखत नव्हते."

तिने स्वतःचा शिक्का मारला. ठसा तिरका उठला. मग दुसरा गठ्ठा पुढे आला. तिने पोरीचा शिक्का उचलला, लाल शाईत दाबला, कागदावर धरला. धरला तो धरलाच.

"मार की! पाच वाजून गेले!" योंगशेंग म्हणाला.

"माझं 'हो' मी माझ्या तोंडाने म्हटलं. उद्या हिने जाब विचारला तर माझा मी देईन. पण हे हिच्या तोंडी नाही घालणार." तिने शिक्क्याची शाई आपल्या बाहीला पुसली.

"कदाचित मिळालं असतं, पैयुन," योंगशेंग म्हणाला.

"कदाचित."

त्सेंगबाईंनी दुसरा गठ्ठा खणात टाकला. आम्ही रस्ता ओलांडून धावलो. खिडकीतल्या माणसाने घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "दावेदार किती?"

"एकच," पैयुन म्हणाली. "मी."

योंगशेंग गाडी आणायला गेला, तो मुद्दाम सावकाश. कोर्टाच्या पायरीवर पैयुन माझ्याशेजारी बसली. बाही लालभडक.

"आई, ते 'हो' मी खोटं नाही म्हटलं."

"माहीत आहे."

"तरी बोलाल माझ्याशी?"

"तुझा नवरा पोटात होता तेव्हा मी पाडायला म्हणून झाडपाल्याचा काढासुद्धा उकळून ठेवला होता," मी म्हटलं. "सासू घरात आली, म्हणून मोरीत ओतला."

ती बघतच राहिली. मग इतकी हसली की निंगआनही हसायला लागली.

"त्यांना नका हं सांगू."

"चाळीस वर्षांत नाही सांगितलं," मी म्हटलं. "ऊठ, आला बघ तो."